घातांकाचे नियम येतात कुठून?

क्ष² + क्ष³ म्हणजे किती? सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की हमखास एक उत्तर येते: क्ष⁵. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते तपासायला कोणताही नियम आठवावा लागत नाही. क्षच्या जागी ३ ठेवून पाहा. ३ चा वर्ग ९, ३ चा घन २७, दोन्हींची बेरीज ३६. ३ चा पाचवा घात मात्र २४३ येतो.

हे उत्तर देणाऱ्या मुलाने अभ्यास केलेला नसतो असे नाही. ‘घातांकांची बेरीज करायची’ हे त्याने पाठ केलेले असते. ती बेरीज कधी करायची आणि मुळात का करायची, हे त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते. घातांकाचे नियम तक्त्यासारखे समोर ठेवले की ते एकमेकांत मिसळतात. ते कशातून निघाले हे कळले, तर पाठांतराचे बरेचसे ओझे उतरते. म्हणून प्रत्येक नियम त्याच्या उगमापासून पाहू.

घातांक म्हणजे मोजदाद

बीजगणितात ज्या अक्षराची किंमत बदलू शकते त्याला चल म्हणतात. क्ष हे असेच एक चल. क्ष³ लिहिले की त्याचा अर्थ क्ष × क्ष × क्ष. खाली असलेला क्ष हा पाया आणि वर छोट्या आकड्यात लिहिलेला ३ हा घातांक. गुणाकारात पाया किती वेळा आला आहे एवढेच तो आकडा सांगतो. क्ष एकटाच असेल तर तो एकदा आला आहे, म्हणून त्याचा घातांक १. तो लिहीत नाहीत, पण असतो.

३क्ष आणि क्ष³ यांतला फरक इथेच पक्का करावा. ३क्ष म्हणजे क्ष + क्ष + क्ष. इथे ३ हा सहगुणक आहे आणि तो बेरजेतले क्ष मोजतो. क्ष³ मधला ३ गुणाकारातले क्ष मोजतो. क्ष = ५ घेतला तर पहिल्याची किंमत १५ आणि दुसऱ्याची १२५.

दुसरी गोष्ट, घातांक लागून असलेल्या राशीपुरताच लागू होतो. ५क्ष³ मध्ये घन फक्त क्षचा आहे, ५ चा नाही. ५ चाही घन हवा असेल तर कंस घालून (५क्ष)³ असे लिहावे लागते. क्ष = २ असताना ५क्ष³ ची किंमत ४० येते, तर (५क्ष)³ ची १०००. उणे चिन्हाचेही तसेच. क्ष = ३ असेल तर −क्ष² म्हणजे −९, कारण आधी वर्ग होतो आणि मग उणे चिन्ह लागते. (−क्ष)² मध्ये मात्र −३ ला −३ ने गुणायचे असते, म्हणून उत्तर ९. परीक्षेत बरेच गुण या कंसापायी जातात.

तीन नियम, एकच युक्ती

आता क्ष² × क्ष³ हा गुणाकार पूर्ण उलगडून लिहू: (क्ष × क्ष) × (क्ष × क्ष × क्ष). क्ष किती वेळा आला? आधी दोनदा, मग तीनदा, एकूण पाच वेळा. म्हणून उत्तर क्ष⁵. गुणाकारात घातांकांची बेरीज होते हा नियम यापलीकडे काही सांगत नाही. दोन ओळींतले क्ष एकत्र मोजले, इतकेच.

पाया वेगळा असेल तर एकत्र मोजता येत नाही. क्ष² × य³ तसेच राहते, कारण दोन क्ष आणि तीन य मिळून पाच कशाचेच होत नाहीत. सहगुणक असतील तर ते साध्या संख्यांप्रमाणे आपापसांत गुणले जातात: ४क्ष² × ५क्ष³ = २०क्ष⁵. इथे ४ आणि ५ यांचा गुणाकार झाला, २ आणि ३ यांची बेरीज झाली. एकाच उदाहरणात दोन वेगळ्या क्रिया दिसल्या की मुले गोंधळतात, पण उलगडून लिहिले तर दोन्ही क्रिया डोळ्यांसमोर येतात.

भागाकारात हेच उलटे घडते. क्ष⁵ ला क्ष² ने भागताना अंशात पाच क्ष आणि छेदात दोन क्ष असतात. छेदातले दोन अंशातल्या दोनांबरोबर जातात आणि तीन उरतात, म्हणून क्ष³. इथे घातांकांची वजाबाकी झाली. जास्त चले असली तरी रीत तीच: १२क्ष⁵य³ ÷ ४क्ष²य = ३क्ष³य². छेदातल्या य वर आकडा नाही म्हणून तो विसरायचा नाही, त्याचा घातांक १ आहे.

तिसरा नियम घाताच्या घाताचा. (क्ष²)³ म्हणजे क्ष² × क्ष² × क्ष². दोन-दोन क्षचे तीन गट, एकूण सहा. म्हणून इथे घातांकांचा गुणाकार होतो आणि क्ष⁶ मिळते. कंसात गुणाकार असेल तर बाहेरचा घातांक आतल्या प्रत्येक अवयवाला लागतो: (२क्ष²य)³ = ८क्ष⁶य³. यात २ चाही घन होतो हे ध्यानात ठेवावे. ‘२क्ष⁶य³’ हे उत्तर वहीत फार वेळा दिसते.

घनघन: सहावा की नववा?

बेरीज कुठे आणि गुणाकार कुठे, हा पेच आजच्या विद्यार्थ्याला पडतो तसाच तो जुन्या गणितींपुढेही होता. त्यांनी तो नावे देताना सोडवला.

भारतीय बीजगणितात अज्ञात राशीला अव्यक्त म्हणत. पहिल्या अव्यक्ताचे नाव यावत्-तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. लिहिताना पहिले अक्षर घेऊन या, का, नी असे संक्षेप करत. वर्गासाठी व आणि घनासाठी घ. आपण ज्याला क्ष² म्हणतो ते ‘याव’ आणि क्ष³ ते ‘याघ’. या परंपरेतला ब्रह्मगुप्ताचा ब्राह्मस्फुटसिद्धान्त हा ग्रंथ इ. स. ६२८ चा आहे. पुढे भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत बीजगणित हा स्वतंत्र भाग आहे.

वर्ग आणि घन यांच्या पुढच्या घातांची नावे याच दोन शब्दांपासून बनवली गेली. चौथा घात वर्गवर्ग, सहावा घनवर्ग, आठवा वर्गवर्गवर्ग, नववा घनघन. वर्गवर्ग म्हणजे वर्गाचा वर्ग, दोन दुणे चार. घनवर्ग म्हणजे तीन दुणे सहा. या नावांत घातांकांचा गुणाकार होतो. पण पाचवा आणि सातवा घात असे गुणाकाराने मिळत नाहीत. त्यासाठी नावाच्या शेवटी ‘घात’ म्हणजे गुणाकार हा शब्द जोडला: पाचवा वर्गघनघात, म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार, दोन अधिक तीन. सातवा वर्गवर्गघनघात, चार अधिक तीन. आपण वर पाहिलेले पहिला आणि तिसरा हे दोन्ही नियम या नामावलीत स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत.

ग्रीक गणिती डायोफँटस याने मात्र सगळीकडे बेरजेची पद्धत धरली. त्याच्याकडे वर्ग-घन हा पाचवा घात होता आणि घन-घन हा सहावा. घन दोनदा उच्चारला की भारतात नववा घात व्हायचा, ग्रीक ग्रंथात सहावा. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बिनचूक होत्या, कारण काय मोजायचे ते दोघांनीही ठरवले होते.

महाराष्ट्राचा या परंपरेशी जवळचा संबंध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, आणि त्या मठाला मिळालेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला.

आज आपण वापरतो ती खूण युरोपात हळूहळू घडली. फ्रान्समध्ये निकोला शुके याने १४८४ च्या हस्तलिखितात घात दाखवण्यासाठी वर छोटा आकडा लिहिला. जर्मन गणिती मिखाएल श्टिफेल याने १५४४ च्या ग्रंथात घातांकांच्या बेरीज-वजाबाकीचे नाते गुणाकार-भागाकाराशी जोडून दाखवले. रने देकार्त याच्या १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथात अक्षराच्या डोक्यावर आकडा लिहिण्याची पद्धत स्थिरावली. या खुणेचे सामर्थ्य असे की सतराव्या घातासाठी नवे नाव शोधावे लागत नाही. आकडा लिहिला की काम झाले, आणि त्या आकड्यांवर थेट बेरीज-वजाबाकी करता येते.

शून्य वेळा आणि उणे तीन वेळा

इथवर मोजून भागले. पण क्ष⁰ म्हणजे काय? क्ष शून्य वेळा लिहून काय मिळणार? आणि क्ष⁻³? उणे तीन वेळा तर काहीच लिहिता येत नाही.

अशा वेळी गणित एक विलक्षण पाऊल टाकते. मोजदादीतून नियम निघाला होता, आता तोच नियम पुढे चालवायचा आणि नव्या खुणेला अर्थ त्याच्याकडून घ्यायचा. क्ष³ ÷ क्ष³ घ्या. कोणतीही संख्या स्वतःने भागली की १ मिळतो. वजाबाकीच्या नियमाने हेच उत्तर क्ष⁰ असे येते. नियम टिकवायचा तर क्ष⁰ = १ मानावेच लागते. फक्त क्ष शून्य नसावा, कारण शून्याने भागता येत नाही.

आता क्ष² ÷ क्ष⁵ पाहा. अंशातले दोन क्ष छेदातल्या दोनांबरोबर गेले, छेदात तीन उरले. उत्तर १/क्ष³. नियमाने २ वजा ५ म्हणजे −३. म्हणून क्ष⁻³ = १/क्ष³. उणे घातांक पाहून उत्तर ऋण येईल असे वाटते, पण तसे नसते. २⁻³ म्हणजे १/८, म्हणजेच एक छोटी धन संख्या. उणे चिन्ह इथे एवढेच सांगते की पाया छेदात आहे.

अपूर्णांकही असाच येतो. क्षचा १/२ वा घात त्यानेच गुणला तर घातांकांची बेरीज १/२ + १/२ = १ होते, म्हणजे उत्तर क्ष. स्वतःनेच गुणल्यावर क्ष देणारी राशी म्हणजे क्षचे वर्गमूळ. म्हणून १/२ वा घात म्हणजे वर्गमूळ आणि १/३ वा घात म्हणजे घनमूळ. इंग्लंडमध्ये जॉन वॉलिस याने १६५६ च्या ग्रंथात ऋण आणि अपूर्णांक घातांकांचा विचार मांडला. न्यूटनने ते घातांक आजच्यासारखेच लिहून वापरले आणि मग ते रूढ झाले.

बेरीज का अडते?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे कारण स्पष्ट होईल. बेरजेत सजातीय पदेच एकत्र होतात, म्हणजे ज्यांत चले तीच आणि त्यांचे घातांकही तेच. ३क्ष² + ५क्ष² = ८क्ष². इथे क्ष² ही एकच वस्तू आहे, तीन आणि पाच मिळून आठ झाल्या, आणि घातांक जसाच्या तसा राहिला. क्ष² आणि क्ष³ ही सजातीय पदे नाहीत. क्ष ही मीटरमधली लांबी मानली तर क्ष² हे चौरस मीटरमधले क्षेत्रफळ होते आणि क्ष³ हे घनमीटरमधले घनफळ. खोलीची फरशी आणि खोलीतली हवा यांची बेरीज करून एक आकडा सांगता येत नाही. फार तर सामाईक अवयव बाहेर काढून क्ष² + क्ष³ = क्ष²(१ + क्ष) असे लिहिता येते.

याच ठिकाणी दुसरी मोठी चूक होते: (क्ष + य)² = क्ष² + य². क्ष = ३ आणि य = ४ घ्या. डावी बाजू ७ चा वर्ग, ४९. उजवी बाजू ९ + १६ = २५. उरलेले २४ कुठे गेले? कागदावर क्ष + य बाजूचा चौरस काढा आणि प्रत्येक बाजू क्ष व य अशा दोन भागांत विभागा. चार तुकडे होतील: क्ष² चा चौरस, य² चा चौरस, आणि क्ष × य मापाचे दोन आयत. ३ × ४ = १२, असे दोन, म्हणजे २४. म्हणून (क्ष + य)² = क्ष² + २क्षय + य². गुणाकाराच्या कंसातून घातांक आत जातो, बेरजेच्या कंसातून जात नाही.

निसर्गातले घातांक

हे नियम फक्त परीक्षेपुरते नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याचा वेग व धरला तर पात्यांवर येणारी शक्ती व³ च्या प्रमाणात असते. याचे कारण आपल्या पहिल्याच नियमात आहे. वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला पात्यांतून जाणारी हवा दुप्पट होते, म्हणजे व. त्या हवेच्या प्रत्येक किलोतली गतिज ऊर्जा व² च्या प्रमाणात असते. व × व² = व³. म्हणून दुप्पट वेगाच्या वाऱ्यात आठपट शक्ती असते, आणि वारा निम्म्यावर आला की ती एक अष्टमांश होते. जिथे वारा जोरात वाहतो अशा उंच पठारावर पवनचक्की का उभारतात याचे उत्तर या घातांकात आहे.

नळीतून वाहणाऱ्या द्रवाचेही तसेच आहे. फ्रेंच वैद्य जाँ प्वाझेय याने १८४० च्या सुमारास दाखवले की संथ प्रवाहात आणि तेवढ्याच दाबाला बारीक नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात, प्रवाहाचा वेगही त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात, दोन्हींचा गुणाकार चौथा घात. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा न राहता १/१६ होतो. रक्तवाहिनी थोडीशी अरुंद झाली तरी डॉक्टर ती गोष्ट इतक्या गांभीर्याने का घेतात, ते यावरून कळते.

गाडी थांबवताना दोन वेगळी पदे एकत्र काम करतात. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत गाडी जे अंतर जाते ते वेगाच्या पहिल्या घातावर अवलंबून असते आणि ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गावर. ४० च्या ऐवजी ८० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला पहिल्या टप्प्यात दुप्पट अंतर लागते, दुसऱ्या टप्प्यात चौपट. ही दोन पदे सजातीय नाहीत, म्हणून सूत्रात ती वेगळीच लिहावी लागतात.

ऋण घातांक दिव्याच्या प्रकाशात दिसतो. प्रकाश सर्व दिशांना पसरतो आणि गोलाचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून प्रकाशाची तीव्रता अंतराच्या −२ ऱ्या घाताच्या प्रमाणात असते. अंतर तिप्पट झाले की ती १/९ होते. अपूर्णांक घातांक ग्रहांच्या गतीत आहे. केप्लरचा तिसरा नियम १६१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचे अंतर १ आणि काळ १ वर्ष धरला तर गुरूचे अंतर सुमारे ५.२ आहे. ५.२ चा घन सुमारे १४०.६, त्याचे वर्गमूळ ११.८६. गुरूला सूर्याभोवती फिरायला एवढीच वर्षे लागतात. अंतराचा ३/२ वा घात म्हणजे प्रदक्षिणाकाळ.

कधी चल खालून वर जाते. क्ष² आणि २ चा क्ष वा घात दिसायला जवळचे, पण त्यांची चाल अगदी वेगळी. क्ष = १० असताना पहिले १००, दुसरे १,०२४. क्ष = २० असताना पहिले ४००, दुसरे १०,४८,५७६. चक्रवाढ व्याज या दुसऱ्या जातीचे आहे. शेकडा ८ दराने एका रुपयाचे न वर्षांत १.०८ च्या न व्या घाताइतके रुपये होतात. न = ९ घेतला तर ही किंमत जवळजवळ २ येते, म्हणजे नऊ वर्षांत रक्कम दुप्पट. मुदत ठेवीला हे लागू आहे तसेच फेड न केलेल्या कर्जालाही.

अभ्यासासाठी

विद्यार्थ्यांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. नियम आठवला नाही तर राशी उलगडून लिहा आणि पाया किती वेळा आला ते मोजा. आणि उत्तराची शंका आली तर चलाच्या जागी संख्या ठेवून दोन्ही बाजू तपासा. तपासताना ०, १ आणि २ टाळावेत, कारण ० आणि १ चे सगळे धन घात तेच राहतात आणि २ + २, २ × २ व २² ही तिन्ही उत्तरे ४ येतात. ३ किंवा ५ घेतले तर चूक सहसा लपत नाही. दोन्ही बाजूंच्या किमती वेगळ्या आल्या तर उत्तर नक्की चुकीचे आहे. एकदा जुळल्या म्हणून मात्र ते सिद्ध झाले असे मानू नये.

शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती, की नियमांचा तक्ता मुलांच्या हाती देण्याआधी त्यांना क्ष × क्ष × क्ष असे भरपूर वेळा लिहू द्या. त्यात एक-दोन तास जास्त जातील. पण स्वतः मोजून काढलेला नियम मुलांच्या लक्षात राहतो, आणि विसरला तरी त्यांना तो पुन्हा मोजून काढता येतो.